नगरचा नाताळ आणि इ.स. 354चं पंचांग

डिसेंबर लागला की नगरच्या ख्रिस्ती वस्त्यांत घराघरांवर चांदण्या चढतात, आणि 'नाताळ मूळचा रोमन लोकांचा' हे वाक्यही हमखास कानावर येतं. या वाक्याचा माग मी बरीच वर्षं काढत आलो आहे. तो रोमला पोचण्याआधी बोस्टनला जातो, आणि बोस्टनहून थेट नगरला येतो.

बोस्टनचा प्युरिटन धर्मगुरू इन्क्रीज मॅथर यानं 1687 साली आपल्याच धर्मबांधवांना ठणकावलं होतं : 25 डिसेंबर हा येशूचा जन्मदिवस म्हणून ठरलेला नाही, रोममध्ये त्या सुमारास सॅटर्नेलिया हा सण चालत असे म्हणून तो निवडला गेला. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 या काळात नाताळ पाळणाऱ्याला 5 शिलिंग दंड होता. याच परंपरेतून 1810 साली अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था उभी राहिली आणि 1831च्या डिसेंबरात तिचे ग्रेव्हज, हार्वी आणि रीड हे मिशनरी बाबाजी रघुनाथ यांच्यासह नगरला आले. खुद्द मॅसॅच्युसेट्सनं नाताळची सुट्टी मान्य केली ती 1856 साली! म्हणजे नगरच्या मिशनची पहिली पंचवीस वर्षं मिशनऱ्यांच्या मायदेशीच या सणाबद्दल मन साशंक होतं. हा आक्षेप परधर्मीयांनी रचला असं मानणाऱ्यांनी एवढं जरूर लक्षात घ्यावं.

पण मॅथरचं म्हणणं खरं होतं का? सॅटर्नेलिया 17 डिसेंबरला सुरू होई आणि पुढे लांबत 23पर्यंत जाई. 25 तारखेला तो नव्हताच. मग अभ्यासक सूर्यदेवाकडे वळले. सम्राट ऑरेलियननं 274 साली 'अजिंक्य सूर्या'चं मंदिर उभारलं, पण ते 25 डिसेंबरलाच अर्पण झालं असं सांगणारा समकालीन पुरावा नाही.

या तारखेचा पुरावा आहे तो एका पुस्तकात. फिलोकालस या सुलेखनकारानं व्हॅलेंटिनस नावाच्या रोमन गृहस्थासाठी 354 साली ते सजवलं. मूळ प्रत नष्ट झाली. तिची एक जुनी नक्कल फ्रेंच संग्राहक पेरेस्क याच्या हाती आली. 1620च्या डिसेंबरात त्यानं एका पत्रात तिचं बारकाईनं वर्णन केलं. पुढे तीही हरवली. आज आपल्याकडे आहेत त्या नकलांच्या नकला.

या पुस्तकातल्या दिनदर्शिकेत 25 डिसेंबरला 'अजिंक्या'चा जन्मदिवस आणि रथांच्या 30 शर्यती अशी नोंद आहे. सूर्याचं नावही तिथे नाही. काही पानांपलीकडे हुतात्म्यांची यादी आहे. तिच्या आरंभी, त्याच तारखेला, यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला असं लिहिलंय. ही यादी 336च्या सुमारास तयार झाली असावी, असं अभ्यासक मानतात. म्हणजे लेखी पुराव्यापुरतं बोलायचं तर ख्रिस्तजन्माची नोंद 'अजिंक्या'च्या नोंदीहून किंचित जुनीच ठरते! 25 मार्चला येशूची गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले की 25 डिसेंबर येतो, हा दुसरा तर्क मला म्हणूनच अधिक पटतो. कुणी कुणाची तारीख उचलली याचा निकाल हे पुस्तक देत नाही. व्हॅलेंटिनसच्या घरात मात्र दोन्ही सण एकाच बांधणीत, शेजारी शेजारी होते.