विंगेतल्या मुलाची चाळीस वर्षं

सगळ्यांचे संवाद त्यालाच पाठ असतात. तालमीला सगळ्यांच्या आधी तो हजर असतो, आणि तरी आपण कुणाला आवडू शकतो हे त्याला खरंच वाटत नाही. त्यातून त्याचा जीव जडतो तो मुलावरच. हा नाटकवेडा पोरगा अमेरिकेच्या रंगमंचावर आणि पडद्यावर चाळीसेक वर्षं वेगवेगळ्या नावांनी येतो आहे आणि आला की लोकांना पोटभर हसवतो आहे. टाळ्या त्याला फार लवकर मिळाल्या. त्याच्यावर कुणी प्रेम करायला मात्र कितीतरी वर्षं जावी लागली.

मागे जायचं तर १० जून १९८२ पर्यंत जावं लागतं. त्या दिवशी हार्वी फायरस्टीन यांचं ‘टॉर्च साँग ट्रिलॉजी’ ब्रॉडवेवर उघडलं. न्यूयॉर्कच्या ‘ला मामा’ या प्रायोगिक रंगमंचावर आधी झालेल्या तीन नाटिकांचं मिळून हे एक लांबलचक नाटक. त्यातला अर्नोल्ड बेकॉफ स्त्रीवेशात गाणारा कलावंत, आणि ती भूमिका घोगऱ्या आवाजाच्या फायरस्टीन यांनी स्वतःच केली. मेकअप करता करता तो प्रेक्षकांशी बोलू लागतो आणि दोन मिनिटांत प्रेक्षागृह त्याचं होऊन जातं. १,२२२ प्रयोग झाले. १९८३ मध्ये उत्कृष्ट नाटक आणि उत्कृष्ट अभिनेता असे दोन्ही टोनी पुरस्कार मिळाले. अर्नोल्ड वयाने कोवळा नाही, पण पुढे आलेल्या सगळ्या पोरांचा तो थोरला भाऊ. त्याला जिवाभावाचा जोडीदार मिळतो आणि जमावाच्या मारहाणीत तो गमावावा लागतो. आई आपल्या नवऱ्याचं दुःख करते, मुलगा आपल्या जोडीदाराचं; आणि ही दोन दुःखं सारखी कशी असतील, म्हणून आई चिडते. इतका वेळ हसवणारं नाटक इथे येऊन घसा कोरडा पाडतं.

त्यानंतर आला ‘ट्रेव्हर’. वीसेक मिनिटांचा हा लघुपट १९९५ मध्ये ऑस्कर घेऊन गेला. लेखक जेम्स लेसीन, दिग्दर्शक पेगी राज्स्की. काळ १९८१ चा, नायक तेरा वर्षांचा, डायना रॉसवर आणि नाटकावर जीव टाकणारा. घरात तो मेल्याचं सोंग करून पडून राहतो. आई-बाबा बाजूने जातात, आपापली कामं करतात, आणि पोरगं निपचित पडलंय याची कुणाला गंधवार्ता नसते. हसायला येतं, आणि मग हा मुलगा खरंच कोसळला तरी या घरात असंच होईल, हे लक्षात येतं. पुढे शाळेतल्या एका मुलावर त्याचा जीव बसतो, कुजबुज सुरू होते, आणि सोंग खरं व्हायची वेळ येते. ट्रेव्हर वाचतो. १९९८ मध्ये हा लघुपट दूरचित्रवाणीवर दाखवायचं ठरलं, तेव्हा अशा मुलांनी संकटात फोन कुठे करावा याचा शोध घेतला गेला. देशभरासाठी चोवीस तास चालणारी अशी एकही सोय नव्हती. मग ती लघुपट काढणाऱ्या मंडळींनीच उभी केली आणि तिला नाव दिलं ‘द ट्रेव्हर प्रोजेक्ट’. ती आजही चालू आहे. एका विनोदी लघुपटाने केलेलं याहून मोठं काम मला ठाऊक नाही.

२००३ चा ‘कॅम्प’ हा टॉड ग्राफ यांचा चित्रपट मला फार जवळचा. नाटकवेड्या मुलांचं उन्हाळी शिबिर, रात्रंदिवस तालमी, भांडणं, गाणी. शाळेच्या नाचाला मुलीच्या पोशाखात गेला म्हणून मार खाल्लेला मायकेल इथे येतो आणि व्लाड नावाच्या गिटारवाल्या देखण्या मुलात गुंततो. व्लाडला मुली आवडतात. मायकेलच्या प्रयोगाला त्याचे आई-वडील येत नाहीत. शिबिरात त्याला माणसं मिळतात, मंच मिळतो, प्रेम नाही.

हे बदललं ते ‘ग्ली’ या दूरचित्रवाणी मालिकेत, २००९ पासून. कर्ट हमेल हे पात्र मुळात संहितेत नव्हतंच. क्रिस कोल्फर दुसऱ्याच भूमिकेसाठी चाचणीला आला आणि त्याला पाहून ते लिहिलं गेलं. तळघरात कर्ट बियॉन्सेच्या गाण्यावर मन लावून नाचत असताना त्याचे वडील, गॅरेज चालवणारा रांगडा माणूस, दारात येऊन उभे राहतात. त्याच भागाच्या शेवटी कर्ट थरथरत त्यांना सांगतो. वडील म्हणतात, तू तीन वर्षांचा होतास तेव्हापासून मला माहीत आहे. मराठी घरांतल्या किती मुलांनी हा प्रसंग रात्री कानाला हेडफोन लावून पाहिला असेल! पुढे ब्लेन नावाचा मुलगा येतो, २०११ मध्ये दोघांचं पहिलं चुंबन होतं आणि २०१५ मध्ये लग्न.

मग वाट मोकळी झाली. टिम फेडर्ली यांच्या २०१३ च्या कादंबरीतला तेरा वर्षांचा नेट घरी न सांगता बसने न्यूयॉर्कला ऑडिशनला पळतो. नेट आणि त्याची मैत्रीण शिव्यांऐवजी आपटलेल्या संगीतिकांची नावं घेतात. असं नाटकवेड मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ‘लव्ह, सायमन’ २०१८ मध्ये आला तेव्हा मोठ्या हॉलिवूड स्टुडिओने काढलेली समलिंगी किशोराची ती पहिली प्रेमकथा ठरली. सायमन शाळेच्या नाटकात मागच्या रांगेतला, आणि तरी गोष्ट त्याची. शेवटी आकाशपाळण्यात तो एकटा बसत नाही.

आपल्याकडे तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्येच रंगमंचावर आणली होती. कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करताना सुमित्राला, म्हणजे मित्राला, नमाविषयी प्रेम वाटू लागतं. नाटकाच्या तालमीतून उमलणारं समलिंगी प्रेम मराठीने फायरस्टीन ब्रॉडवेवर पोचण्याआधी दाखवलं, याचा मला अभिमान आहे. पण मित्रा जगत नाही. २०१८ च्या ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाने सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला, आणि त्यातल्या दोघा मित्रांचं प्रेम फार हळुवार आहे. पण ते सुतकाच्या दिवसांतलं प्रेम आहे. आपला हसवणारा, बावरलेला, एण्ट्रीआधी दहा वेळा पाणी पिणारा मुलगा अजून विंगेतच उभा आहे.

दरवर्षी पावसाळ्यात कॉलेजांमधून एकांकिकांच्या तालमी सुरू होतात. त्यातल्या लिहित्या मुलामुलींना माझी मनापासून विनंती आहे: यंदा त्याला लिहा. त्याला भरपूर विनोद द्या, घाबरू द्या, संवाद विसरू द्या. आणि पडदा पडताना त्याच्या शेजारी कुणीतरी उभं असू द्या.