कबड्डीत 'कैची' मारली तर नेमकी शिक्षा काय? ग्रीन, यलो आणि रेड कार्डाचा हिशोब

नागपूरच्या महालात संध्याकाळी कबड्डी रंगली की मैदानाच्या कडेला उभं राहून ऐकायचं. चढाईवाला आत शिरला की मागून हमखास आवाज येणार, "पकड बे त्याले!" कसं पकडायचं, कुठून पकडायचं, हे कुणी सांगत नाही. पकडला म्हणजे झालं.

पण कबड्डीचं नियमांचं पुस्तक याबाबतीत चांगलंच चोखंदळ आहे.

चढाईपटूला धरायचं तर फक्त हातपाय किंवा धड धरायचं. घोटा धरा, मांडी धरा, कमरेला मिठी मारा, सगळं चालतं. गळा, केस आणि कपडे मात्र चालत नाहीत. तोंड दाबून किंवा गळा आवळून त्याचा दम तोडायचा नाही. इजा होईल अशी हिंसक पकड करायची नाही. आणि कैची मारायची नाही, हे तर नियमात नाव घेऊन लिहिलंय.

कैची म्हणजे काय, तर दोन्ही पायांनी चढाईपटूचे पाय आवळायचे आणि त्याला फिरवून पाडायचं. बघायला भारी वाटतं, रील्सवर तर जास्तच. अडचण अशी की गुडघा पुढे-मागे वाकण्यासाठी बनलेला आहे, आडवा वळण्यासाठी नाही. धावणाऱ्या माणसाचा पाय जमिनीला टेकलेला असताना बाजूने कात्री बसली, तर सगळा पीळ गुडघ्याच्या लिगामेंटवर येतो. मग ऑपरेशन, पुढे कित्येक महिन्यांचा व्यायाम, आणि स्पोर्ट्स कोट्यातून भरतीची तयारी करणाऱ्या पोराचं वय कुणासाठी थांबत नाही.

बरं, अशी पकड केलीच तर होतं काय?

पहिली गोष्ट, ती पकड धरलीच जात नाही. चढाईपटू नाबाद राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे कार्ड. ग्रीन कार्ड म्हणजे ताकीद. त्याच खेळाडूनं पुन्हा ग्रीनच्या लायकीचं काही केलं, तर थेट यलो मिळतं. यलो म्हणजे २ मिनिटं बाहेर, आणि तेवढा वेळ त्याच्या जागी दुसरा कुणी येत नाही. रेड मिळालं की उरलेल्या सामन्याला मुकायचं. हे कार्ड खेळाडूंनाच मिळतं असं नाही, कडेला बसून आरडाओरडा करणाऱ्या प्रशिक्षकालाही दाखवता येतं.

ऐकायला कडक वाटतं. पण आता जरा जगातल्या सगळ्यात रांगड्या पकडींच्या खेळाकडे बघूया. तो म्हणजे रग्बी लीग.

१८९५ मध्ये इंग्लंडमधल्या हडर्सफिल्डला उत्तरेकडचे क्लब मूळ रग्बीतून फुटून बाहेर पडले, त्यातून पुढे १३ जणांचा हा खेळ उभा राहिला. आज त्याची सगळ्यात मोठी व्यावसायिक स्पर्धा ऑस्ट्रेलियात होते, एनआरएल. कबड्डी पाहिलेल्या माणसाला हा खेळ लगेच कळतो. एकजण अंगावर येतो, तीन-चारजण मिळून त्याला पाडतात. फरक इतकाच की त्याच्या हातात चेंडू असतो.

२४ मार्च २०१४ ला न्यूकॅसल नाइट्स आणि मेलबर्न स्टॉर्म यांचा सामना चालू होता. न्यूकॅसलचा ॲलेक्स मॅकिनन, वय २२. मेलबर्नच्या तिघांनी त्याला धरलं, उचललं आणि तो मान मुडपून खाली आला. मणका मोडला. मॅकिनन पुन्हा कधीच खेळला नाही, त्याचं आयुष्य व्हीलचेअरवर आलं.

तिघांपैकी जॉर्डन मॅक्लीनवर 'धोकादायक फेक' असा आरोप लागला. त्याच्या बाजूनं युक्तिवाद झाला की मॅकिननने शेवटच्या क्षणी डोकं खाली घातलं, म्हणून हे घडलं. लवादानं तो मानला नाही आणि ७ सामन्यांची बंदी घातली. तेव्हा तिथं दोन्ही बाजूंनी वाद पेटला. मुद्दाम केलं नव्हतं तर एवढी शिक्षा का, असं एकीकडे, आणि माणूस कायमचा जायबंदी झाला तर फक्त ७ सामने का, असं दुसरीकडे.

या वादात खरी गोम आहे. पकड एकट्यानं केली तर दोष कुणाचा हे कळतं. तिघांनी मिळून केली तर? एकानं कंबर धरली, दुसऱ्यानं पाय उचलला, तिसऱ्यानं वरून वजन टाकलं. सुटं सुटं पाहिलं तर कुणाचंच काही चुकलेलं नसतं. कबड्डीतली साखळी आठवा. घोटा धरणारा नियमात, मिठी मारणारा नियमात, आणि वरून पडलेल्या पाच जणांच्या ढिगाखाली मान कुणाची कशी वळली, हे पंचाला दिसतसुद्धा नाही.

एनआरएलनं यावर शोधलेला उपाय मैदानाबाहेरचा आहे. सामना संपल्यावर एक समिती सगळं फुटेज पुन्हा बघते. पंचानं सोडून दिलेली पकडही ती उकरून काढते, तिची श्रेणी ठरवते आणि खेळाडूवर आरोप ठेवते. खेळाडूनं लगेच गुन्हा कबूल केला तर शिक्षा कमी, लवादासमोर भांडून हरला तर जास्त. हलक्या श्रेणीला दंडावर भागतं, वरच्या श्रेणीला सामने जातात. खेळाडूची आधीची कुंडलीही बघितली जाते. म्हणजे आज पंचाची नजर चुकली तरी उद्या सुटका नाही.

आणि मैदानातली शिक्षाही तपासून बघा. रग्बी लीगमध्ये 'सिन बिन' १० मिनिटांचं असतं, सामना ८० मिनिटांचा. म्हणजे सामन्याचा आठवा हिस्सा. कबड्डीत यलो कार्ड २ मिनिटांचं, सामना ४० मिनिटांचा. म्हणजे विसावा हिस्सा. त्यातही कबड्डीत बाद झालेला खेळाडू असाही बाहेर बसतोच, त्यामुळे २ मिनिटं बाहेर बसणं कुणाला फारसं झोंबत नाही.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. २०१४ ला प्रो कबड्डी आली आणि पकडीला भाव आला. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड केली की सुपर टॅकल, एकाऐवजी २ गुण. दहाव्या हंगामाच्या लिलावात पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख मोजले, तेही बचावपटूवर. शादलूची आक्रमक पकड टीव्हीवर पाहिलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी मातीवर तीच करून बघतं. फक्त टीव्हीवर खाली मॅट असतं, रिव्ह्यू असतो, बाजूला फिजिओ बसलेला असतो.

जुलै २०२२ मध्ये तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यातला एक व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. २२ वर्षांचा चढाईपटू झटापटीत खाली पडतो, उठायला बघतो आणि पुन्हा कोसळतो. तो उठलाच नाही. स्थानिक स्पर्धा होती. मुद्दाम कुणी काही केलं असं त्यात दिसत नाही. म्हणूनच अशा प्रसंगात कुणाला कुठलं कार्ड द्यायचं, हा प्रश्न नियमांच्या पुस्तकात बसत नाही.

महाराष्ट्रात खेळाडूंवर कडक कारवाई होतच नाही, असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेनं निकालावरून चिडून पंचाला लाथ मारली. तो आणि महेंद्र गायकवाड, दोघांवर ३ वर्षांची बंदी आली. पंचावर हात किंवा पाय उचलणाऱ्याला शिक्षा व्हायलाच पाहिजे. पण गंमत बघा, आपल्याकडे 'शिस्तभंग' म्हटलं की पंचाशी, संघटनेशी केलेलं वर्तन डोळ्यासमोर येतं. समोरच्या खेळाडूचा गुडघा गेला तर तो 'खेळाचा भाग'.

विदर्भाला हा खेळ काही नवा नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथं कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. खेळ नियमात बसवण्याचं बरंचसं कामही महाराष्ट्रातच झालं. त्यामुळे फुटेज बघून नंतर कारवाई करण्याची सोय गावपातळीवर आणणं फार अवघड नसावं. सामना आता मोबाईलवर लाइव्ह असतोच, प्रश्न तो नंतर बघणाऱ्या समितीचा आहे.

तोवर सगळा भार एक सरपंच आणि दोन पंचांवर. पुढच्या वेळी सामना बघायला गेलात तर चढाईपटू खाली पडल्यावर गुणफलकाकडे न बघता बचावपटूंचे पाय बघा. ते चढाईपटूच्या गुडघ्याभोवती एकमेकांत अडकलेले दिसले, तर ती पकड नाही. पंचानं शिट्टी मारली असो वा नसो, चढाईपटू नाबाद आहे.