क्रमांक ५, सन १८७५-७६

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ऋग्वेदाची एक पोथी आहे. भूर्जपत्रांवरची, ठळक शारदा लिपीतली. अभ्यासकांच्या जगात ती '५/१८७५-७६' या क्रमांकानं ओळखली जाते. म्हणजे १८७५-७६ साली मुंबई सरकारनं जमवलेल्या पोथ्यांच्या यादीतली पाचवी. क्रमांकात विषय नाही, कर्ता नाही, काळ नाही. पण जाणत्याला तेवढं पुरतं. ७५-७६ म्हटलं की ब्यूलर, आणि ब्यूलर म्हटलं की काश्मीर. गेऑर्ग ब्यूलर तेव्हा काश्मीर, राजपुताना आणि मध्य हिंदुस्थान धुंडाळून आला होता. त्या फेरीचा त्याचा अहवाल १८७७ साली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाचा जादा अंक म्हणून निघाला. संस्कृत हस्तलिखितांच्या शोधावर लिहिलेलं इतकं वाचनीय सरकारी टिपण माझ्या तरी पाहण्यात नाही.

संपादकांनी मला धाडलं होतं भलत्याच कामाला. 'ग्रंथालयं डिजिटल होताहेत. चार जणांना भेटा आणि लिहून टाका.' भेटलो. पण मन अडकलं ते या क्रमांकात, आणि क्रमांक लागल्यावर पोथी उघडून जे काम करावं लागतं त्यात.

इतिहास सगळीकडे छापलेला आहे, म्हणून थोडक्यात उरकतो. मुंबई सरकारनं १८६६ साली हस्तलिखितांचा शोध सुरू केला. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काथवटे अशी माणसं गावोगाव पोथ्या विकत घेत, नकला करून घेत आणि वर्षावर्षाच्या याद्या सरकारला सादर करत. विश्रामबाग वाड्यातल्या जुन्या पाठशाळेच्या पोथ्याही याच साठ्यात आल्या, आणि क्रमांकात अजून 'विश्रामबाग' हेच नाव सांगतात. हा साठा बरीच वर्षं डेक्कन कॉलेजात होता. ६ जुलै १९१७ रोजी, भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सरकारनं साठा तिच्या हवाली केला. आज तिथली हस्तलिखितं २८,००० च्या घरात आहेत.

छापील पुस्तकांच्या ग्रंथालयात विषय आधी येतो. रंगनाथनांनी १९३३ साली कोलन वर्गीकरण मांडलं तेव्हापासून आपल्याकडच्या ग्रंथपालांच्या पिढ्या पुस्तकाचा विषय फोडून त्याचा अंक बनवायला शिकल्या. पोथ्यांच्या दालनात हे चालत नाही. तिथं पोथी आपल्या सालाच्या सोबत्यांबरोबर राहते. वैद्यकाशेजारी व्याकरण, त्याशेजारी एखादं जैन स्तोत्र. विषयवार मांडणी होते ती कपाटात नव्हे, छापील वर्णनात्मक सूचीत. तिचा पहिला भाग, वैदिक वाङ्मयाचा, १९१६ साली निघाला. पुढे अलंकारशास्त्राचा खंड परशुराम कृष्ण गोडे यांनी केला, जैन साहित्याचे भाग हिरालाल रसिकदास कापडियांनी. म्हणजे एकाच पोथीला दोन पत्ते, एक सूचीतला आणि एक फळीवरचा. नवख्याला हा घोळ वाटतो. मला तो शहाणपणा वाटतो. पोथ्या विषयवार हलवल्या असत्या तर कोणती पोथी कोणत्या मुलखातून, कोणाच्या घरच्या संग्रहातून आली याचा माग कायमचा पुसला गेला असता.

सूची म्हणजे नेमकं काय करतात हे मला एका निवृत्त सूचीकार बाईंनी दाखवलं. पुण्यातल्याच एका ग्रंथालयात त्यांची नोकरी झाली. नाव छापायचं नाही या बोलीवर त्या बोलल्या. समोर कोणतीही मौल्यवान पोथी नव्हती, घरच्या देवघरातली एक साधी नक्कल होती.

"पहिलं पान बघू नका," त्या म्हणाल्या. "पोथीला शीर्षकपान नसतं. ग्रंथाचं नाव शेवटी. आधी शेवट काढा."

शेवटच्या मजकुराला पुष्पिका म्हणतात. ग्रंथाचं नाव, कर्त्याचं नाव, कधी त्याच्या बापाचं आणि गुरूचं, मग लेखनिकाचं, गावाचं, तिथीचं. लेखनिक बहुधा हात जोडून सांगतो की समोर होतं तसं लिहिलं, चूक असेल तर मला बोल लावू नका. पाठ, मान, कंबर मोडून लिहिलंय, तेव्हा तेलापाण्यापासून जपा, असंही वर बजावतो. बाईंनी ते वाचलंच नाही, बोट पुढे सरकवलं. "हे सगळेच म्हणतात. साल कुठाय ते बघा."

साल आकड्यात असलं तर देवाची कृपा. पुष्कळदा ते शब्दांत असतं. नेत्र म्हणजे दोन, बाण पाच, ऋषी सात, भू एक, आणि वाचायचं उलट्या क्रमानं. नेत्र-बाण-ऋषि-भू म्हणजे शके १७५२. इथवर मलाही जमलं. मग बाईंनी एका कागदावर 'ऋषि' खोडून तिथं 'समुद्र' लिहिलं. समुद्र बहुधा चार, पण कधी सातही धरतात. आता शके १४५२ की १७५२? मी लगेच म्हटलं की संवत्सराचं नाव दिलेलं असेल ना, त्यावरून कळेल. त्या हसल्या. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं. १४५२ आणि १७५२ यांत अंतर ३००, म्हणजे बरोबर पाच फेरे. दोन्ही साली विकृतीच. पडताळा म्हणून जे नाव घालतात तेच इथं मुकं.

मग वार. तिथी, मास आणि वार तिन्ही दिलेले असतील तर जंत्री काढायची. १८३० सालासाठी बाळाजी प्रभाकर मोडकांची, १५३० साठी स्वामीकन्नू पिल्लै यांचे एफिमेरिसचे जाडजूड खंड. त्या तिथीला तो वार कोणत्या साली पडतो ते बघायचं. तेही नसेल तर कागद उजेडासमोर धरायचा. युरोपात बनलेल्या कागदाचं जलचिन्ह दिसलं, तर १५३० चा प्रश्न तिथंच मिटतो. हातकागद निघाला तर अक्षराचं वळण, शाई, समासातल्या रेघा.

आणि एवढं करून साल हाती लागलं तरी ते कशाचं, हा प्रश्न उरतोच. सिद्धर्षींनी 'उपमितिभवप्रपंचा कथा' विक्रम संवत ९६२ मध्ये, म्हणजे इ. स. ९०६ मध्ये पुरी केली आणि तसं ग्रंथाच्या शेवटी नोंदवलं. पाचशे वर्षांनी नक्कल करणाराही ते इमानेइतबारे उतरवून घेतो. बेसावध सूचीकारानं ते साल पोथीच्या रकान्यात घातलं की नक्कल रातोरात हजार वर्षांची होते. शिवाय शक की संवत हा झगडा आहेच. महाराष्ट्रातला लेखनिक शक लिहितो, गुजरातेतला संवत, आणि काशीत बसून लिहिणारा दक्षिणी पंडित लहर लागेल तसं. शकात ७८ मिळवायचे, संवतातून ५७ वजा करायचे. गफलत झाली की १३५ वर्षांची.

या कामानं माणूस कसा घडतो याचं उदाहरण म्हणजे गोडे. देवरुखात जन्म, १९१९ पासून भांडारकर संस्थेत हस्तलिखितांचे क्युरेटर, १९६१ साली निधन. आयुष्यभर पोथ्यांची वर्णनं लिहिता लिहिता त्यांना जे आडवाटेला दिसत गेलं त्याची टिपणं त्यांनी ठेवली आणि त्यांतून शेकडो लेख उभे राहिले. जिलेबी कधीपासून खातात, दारूकाम या देशात कधी आलं, शाई कशी करत, चीनचा कागद इथवर कसा पोचला. सवाई जयसिंगानं खरोखर अश्वमेध केला का, हेही. एखाद्या ग्रंथाचा काळ पक्का झाला की त्यातल्या जिलेबीचाही काळ पक्का होतो, इतकी सरळ रीत. विद्यापीठातल्या भल्याभल्या इतिहासकारांपेक्षा या कारकुनी वाटणाऱ्या कामातून जास्त निघालं, असं माझं मत झालंय. त्याला हरकत घेणारे असतील.

जतनाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात नाट्य कमी आणि शिस्त जास्त आहे. लाकडी फळ्या, घट्ट बांधलेलं वेष्टन, वेखंड, कापूर. पोथी सैल बांधली की पानं वाकतात आणि कसर शिरते. काजळीची शाई शतकं टिकते, लोहयुक्त शाई कागद खात जाते. भूर्जपत्र हे सालीचे पातळ पापुद्रे. ते वाळले की सुटू लागतात आणि एका पापुद्र्यावरची अक्षरं दुसरीकडे जातात. निसर्गापेक्षा माणसानं केलेलं नुकसान निस्तरायला कठीण. त्यात ५ जानेवारी २००४ चा भांडारकर संस्थेवरचा जमावाचा हल्ला आला, तशीच कोण्या काळी कोणी भल्या हेतूनं डकवलेली चिकटपट्टीही आली.

देवाणघेवाण मात्र या संस्थांच्या रक्तात आहे. शारदा पोथीचा मॅक्स म्युलरनं आपल्या ऋग्वेदासाठी थोडाफार उपयोग केला. शेफ्टेलोविट्झनं १९०६ साली खिलसूक्तं छापली ती मुख्यतः तिच्या आधारावर. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ चाललं. पुण्यात पाठ जुळवणं सुरू असताना तसंच काम शांतिनिकेतनात आणि तंजावरच्या सरस्वती महालातही होत होतं. एकेका श्लोकाखाली निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्यांचे पाठभेद. आवृत्तीचे संपादक सुकथनकर यांचं श्रेय मोठंच. पण सूची नसती तर कोणती पोथी कुठं मागायची हेच त्यांना कळलं नसतं. २००७ साली संस्थेतल्या ३० ऋग्वेद पोथ्यांची युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात नोंद झाली, त्यांत आपली क्रमांक ५ आहे.

आता संपादकांच्या विषयाकडे यावं लागतं, आणि इथं माझा उत्साह मावळतो.

स्कॅनिंग उत्तम गोष्ट आहे. पोथी वारंवार उघडावी लागत नाही आणि धुळ्यातल्या विद्यार्थ्याला पुण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. पण स्कॅन करणारा समोर येईल ते पान टिपतो. जुन्या काळी कोणी पत्र १७ आणि ७१ यांची अदलाबदल करून ठेवली असेल तर ती तशीच पडद्यावर येते. एका वेष्टनात तीन ग्रंथ असतील, दुसरा मधूनच सुरू होत असेल, तर फायलीला नाव पहिल्याचं. उरलेले दोन त्या दिवसापासून बेपत्ता. बाईंचा खरा राग फायलींच्या नावांवर होता. त्यांनी पाहिलेल्या एका प्रकल्पात कंत्राटदारानं एकपासून नवे क्रमांक घातले, जुने कुठंच नाहीत. शंभर वर्षांच्या लेखांत, तळटीपांत, पाठभेदांत जो क्रमांक आहे तो टाकून शोधलं तर काहीच हाती लागत नाही.

संगणकाचे साचेही पोथीसाठी बनलेले नाहीत. ग्रंथालयं वापरतात त्या मार्क पद्धतीत शीर्षकाचा रकाना २४५, आणि तो मुळात शीर्षकपानावरून भरायचा. पोथीत ते पानच नाही. प्रकाशकाचा रकाना रिकामा. कर्त्याचा रकाना भरायला गेलं तर तिथं वेगळाच गुंता. नीलकंठ कोणता? महाभारताचा टीकाकार, मूळचा कोपरगावचा चतुर्धर? मयूखकार भट्ट? ताजिकावर लिहिणारा दैवज्ञ? तंत्रसंग्रहाचा कर्ता केरळचा सोमयाजी? की कवी नीलकंठ दीक्षित? कारकुनानं नुसतं 'नीलकंठ' टंकलं की पाचही एकाच माणसात विरघळतात. ही नावं सोडवण्यासाठी ऑफ्रेख्टनं १८९१ पासून तीन भागांत जागतिक सूची काढली. मद्रास विद्यापीठानं १९३५ साली तिची नवी आवृत्ती हाती घेतली, पहिला खंड १९४९ साली निघाला आणि खंडांची संख्या चाळीसच्या घरात पोचेतो दोन-तीन पिढ्या खपल्या. कारण प्रत्येक नोंदीमागे कोणीतरी पोथी वाचलेली असावी लागते, आणि त्या वाचनाचा वेग यंत्रानं वाढलेला नाही.

२००३ साली राष्ट्रीय हस्तलिखित मोहीम सुरू झाली. २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मोहीम जाहीर झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन, असा तिचा आवाका. आकडा ऐकून बाई काही बोलल्या नाहीत, आधी चहा झाला. मग त्यांनी विचारलं की यात पानामागे पैसे आहेत की पोथीमागे. पानामागे असतील तर कंत्राटदार जाड पोथ्या आधी उरकेल आणि सुटी पानं, जिथं खरी गंमत असते, शेवटच्या वर्षी घाईत होतील किंवा होणारच नाहीत. सूचीच्या कामाचं मोलही असं मोजता येत नाही. एक पोथी अर्ध्या तासात होते. दुसरीच्या पुष्पिकेवर आठवडा जातो आणि शेवटी रकान्यात भरायला एकच अंक मिळतो. साहेबाला अहवालात काय दाखवणार?

लिपीचे वर्ग निघतात. मोडीला गर्दी होते, शारदा आणि नंदिनागरीला मोजकी मुलं. प्रमाणपत्र घेऊन ती जातात ती नेट-सेटच्या तयारीला, कारण सूचीकाराची कायम जागा निघाल्याचं त्यांच्या कानावर येत नाही. बाईंची एक विद्यार्थिनी बँकेत लागली आहे. सुट्टीच्या दिवशी ती कोणाकोणाच्या माळ्यावरच्या पोथ्यांच्या नोंदी करून देते, फुकट. नोंदी वहीत आहेत. मोहिमेच्या संकेतस्थळावर त्या चढवायच्या तर कोणत्या संस्थेच्या नावावर, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.