डीपफेक: बनवणं हाच गुन्हा का हवा

एखाद्या बाईचा चेहरा तिच्या संमतीशिवाय लैंगिक व्हिडिओवर चढवणं हा आपल्याकडे अजून स्वतंत्र, नेमकी व्याख्या केलेला गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ असा मजकूर पसरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद देतं. पण त्याचा रोख अश्लीलतेवर आहे, तिच्या संमतीवर नाही. त्याच कायद्याचं कलम ६६ई आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ संमतीचा विचार करतात, मात्र प्रत्यक्ष देहाचं चित्रण गृहीत धरून. इथे देह दुसऱ्याचाच असतो, आणि बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवणार. २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांच्या बनावट व्हिडिओवर गुन्हा नोंदवतानाही दिल्ली पोलिसांना फोर्जरीची कलमं जोडावी लागली होती.

'नुसतं बनवून स्वतःजवळ ठेवलं तर कोणाचं काय बिघडलं?' असं विचारलं जातं. बिघडतं ते तिथूनच: पसरवण्याची नुसती धमकी देऊनही पैसे उकळता येतात आणि तिला गप्प बसवता येतं. दक्षिण कोरियानं २०२४ मध्ये असे व्हिडिओ बाळगणं आणि पाहणंही गुन्हा ठरवलं. व्यंग आणि राजकीय टीकेची गळचेपी होईल ही भीती रास्त आहे, पण 'लैंगिक' आणि 'संमतीविना' या दोन अटी कायद्यात असल्या की व्यंगचित्रकार त्यात सापडत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. त्याच्या कक्षेतल्या सहा जिल्ह्यांतली अशी प्रकरणं आता इथेच येतील, आणि तेव्हा न्यायाधीशांसमोर ओढूनताणून बसवलेली कलमं नकोत.