दाव्यातून काही प्रतिवादींस वगळताना

बांधाचा, वहिवाटीच्या वाटेचा किंवा वाटणीचा दिवाणी दावा बहुधा अनेक प्रतिवादींविरुद्ध दाखल होतो. पुढे त्यांपैकी एखाद्याशी समेट झाला, तर वादी त्याच्यापुरता दावा काढून घेऊ इच्छितो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २३, नियम १ अन्वये वादीस तशी मुभा आहे. उर्वरित प्रतिवादींविरुद्ध दावा पुढे चालू राहतो.

मात्र न्यायालयात पुरसीस देण्यापूर्वी तीन गोष्टी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट परवानगीची. त्याच विषयावर त्याच प्रतिवादीविरुद्ध पुन्हा दावा लावण्याची मोकळीक हवी असल्यास न्यायालयाची तशी परवानगी घ्यावी लागते. दाव्यात औपचारिक दोष अथवा अन्य पुरेसे कारण असेल तरच ती मिळते. परवानगीवाचून दावा सोडल्यास तो हक्क कायमचा जातो आणि खर्चही अंगावर पडू शकतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. परवानगी मिळाली तरी पहिला दावा जणू दाखलच झाला नव्हता, असे समजून मुदत मोजली जाते.

तिसरी गोष्ट आवश्यक पक्षकारांची. वाटणीच्या दाव्यात सर्व सहहिस्सेदार आवश्यक असतात. समेट झालेल्या भावाचे नाव वगळल्यास संपूर्ण दावाच फेटाळला जाण्याचा संभव असतो. तेथे नाव कायम ठेवून, नियम ३ अन्वये सह्यांनिशी लेखी तडजोड नोंदविणे हिताचे.

वादी अनेक असल्यास इतरांच्या संमतीवाचून एकट्यास दावा काढून घेता येत नाही. वादी अज्ञान असल्यास न्यायालयाची अनुमती लागते.

समेट केव्हाही स्वागतार्हच. परंतु सही करण्यापूर्वी पुरशिसीचा मजकूर वकिलाकडून समजून घ्यावा. पात्र व्यक्तींना तालुका विधी सेवा समितीकडून विनामूल्य साहाय्य मिळू शकते.