शेतमालाच्या पिकअप गाडीची चाके : आकार व ऑफसेट यांची निवड

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु शहराची हद्द ओलांडून अंबाडी, दुगाड, पडघा किंवा खारबाव यांच्या बाजूस गेले म्हणजे आजही भाताची खाचरे, वरकस माळ आणि गवताची राने दिसू लागतात. खरिपातील भात, त्यामागून वाल, हरभरा व भाजीपाला, दूध, पेंढा आणि गवत असा सारा माल पूर्वी बैलगाडीने निघत असे. आता त्यापैकी बराचसा पिकअप गाडीच्या हौद्यातून निघतो. मुंबई-नाशिक महामार्गावर ही गाडी निर्धास्त धावते. तिची खरी कसोटी लागते ती महामार्ग सोडल्यानंतरच्या शेवटच्या चार-सहा फर्लांगांत. वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात ती वाट आषाढापासून आश्विनापर्यंत वाट राहतच नाही.

अशा वेळी गाडीमालकास साहजिकच वाटते की, मोठी व रुंद चाके बसविली म्हणजे प्रश्न सुटेल. रस्त्याकाठच्या दुकानांत तशी चाके टांगलेली असतात आणि ती दिसतातही रुबाबदार. परंतु गाडी बहुधा कर्जाची असते, तिच्यावर घरचा संसार चालतो आणि चुकीच्या चाकाने होणारे नुकसान पहिल्या दिवशी दिसत नाही. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी चाकाचे गणित समजून घेणे अगत्याचे आहे. ते अवघड नाही.

टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असे आकडे असतात. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये दर्शवितो. दुसरा आकडा सांगतो की, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ७५ आहे. शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो. म्हणजे बाजूची उंची सुमारे १६१ मिलिमीटर. ती वर व खाली अशी दोनदा धरून त्यात १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर मिळविले की, चाकाचा एकूण व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर येतो. त्याच रिमवर २३५/७५ आर १५ चा टायर घातल्यास व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर होतो. तीस मिलिमीटरची ही वाढ ऐकावयास मोठी वाटते. पण गाडीचा खालचा भाग जमिनीपासून उचलला जातो तो तिच्या निम्म्याने, म्हणजे अवघा पंधरा मिलिमीटर. उलटपक्षी व्यास शेकडा चाराहून अधिक वाढल्यामुळे चाकाची ओढ तितकीच घटते, चढावर गिअर खाली आणावा लागतो, आणि काटा ताशी ६० किलोमीटर दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात बासष्टच्या पुढे धावत असते. भरलेल्या हौद्याने पडघ्याकडील मुरमाड चढ चढणाऱ्यास हा सौदा परवडतो की नाही, हे त्याने स्वतःच ठरवावे. सामान्यतः व्यासातील फरक शेकडा तीनच्या आत ठेवणे हिताचे.

रुंद टायर चिखलात नेहमीच सरस ठरतो, ही समजूतही पूर्णपणे खरी नाही. चिखलाची जात पाहिली पाहिजे. ज्या वाटेवर वर चार बोटे राड आणि खाली मुरूम किंवा कातळ असतो, तेथे अरुंद टायर राड कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोहोचतो आणि पकड घेतो. रुंद टायर मात्र राडीवर तरंगून घसरतो. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप ६.००-१६ या अरुंद टायरवर धावत असे आणि चिखलात तिने मोठे नाव मिळविले, हे येथे आठवण्यासारखे आहे. याउलट खारबावच्या बाजूच्या खाडीकाठच्या चिकण जमिनीत तळ लवकर लागत नाही. तेथे भार पसरविणारा रुंद टायर थोडा अधिक उपयोगी पडतो. मात्र अशा जमिनीत भरलेली गाडी घालूच नये. जुन्या बैलगाडीची लोखंडी धाव शिवारात चाकोऱ्या पाडीत असे, पुढे हवेच्या टायरची डनलॉप गाडी आली तेव्हा त्या कमी झाल्या. दीड टन मालाची पिकअप ओल्या खाचरात गेली म्हणजे तिच्या चाकांखालची माती त्या धावेखालच्या मातीपेक्षाही खोलवर दाबली जाते, आणि पुढच्या हंगामात तेथे भाताची मुळे नीट उतरत नाहीत. माल बांधापर्यंत डोक्यावरून किंवा ट्रॅक्टरने आणणे हेच बरे.

आता ऑफसेटकडे वळू. फारच थोडे गाडीमालक याची चौकशी करतात आणि बहुतेक नुकसान येथेच होते. रिमचा जो सपाट भाग गाडीच्या हबला टेकतो, तो रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर सरकलेला आहे, त्या अंतरास ऑफसेट म्हणतात. रिमवर तो ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेला असतो. टेकणारा भाग मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगास असेल तर ऑफसेट धन, आतल्या अंगास असेल तर ऋण. धन ऑफसेट कमी केला की चाक गाडीच्या बाहेर सरकते.

समजा, मूळ रिम ६ इंच रुंद व ऑफसेट ४० आहे, आणि मालकाने ७ इंच रुंदीची, १० ऑफसेटची रिम पसंत केली. रिमची बाहेरची कड तेव्हा सुमारे ४३ मिलिमीटरने बाहेर येते. आतली कड सुमारे १७ मिलिमीटरने पाट्यांपासून दूर जाते, म्हणून गाडी उभी असताना सर्व काही मोकळे व ठीक दिसते. परंतु चाकाची मध्यरेषा आता तीस मिलिमीटर बाहेर गेलेली असते. खांद्यावरील कावडीचे ओझे तेवढेच ठेवून दांडी एका बाजूस लांब केली तर खांद्यास जे जाणवते, तेच येथे बेअरिंगला सोसावे लागते. भार वाढलेला नाही, तरफ वाढली आहे. पुढच्या चाकांत याचा परिणाम स्टेअरिंगवर होतो: एक चाक खड्ड्यात किंवा दगडावर गेले की स्टेअरिंग हातातून हिसडा मारते. पुष्कळदा बेअरिंग आवाज करू लागते ते काही महिन्यांनी, आणि तोवर दोष रस्त्याला दिला जातो. मडगार्डाबाहेर आलेले चाक चिखल व खडी मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर उडविते, हा आणखी एक दोष. रिम न बदलता चाक बाहेर काढण्यासाठी हब व रिम यांमध्ये ज्या जाड चकत्या घालतात, त्यांनी हीच तरफ वाढते आणि नटाला मिळणारे आटेही कमी पडू शकतात. मालवाहू गाडीला त्या लावू नयेत.

रिमवर आकडे पुसट झाले असल्यास ऑफसेट घरीही मोजता येतो. सुट्या रिमची आतली बाजू वर करून ती जमिनीवर ठेवावी, कडांवर आडवी सरळ पट्टी टाकावी आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचे अंतर मोजावे. त्यातून रिमच्या कडेपासून कडेपर्यंतच्या एकूण रुंदीचा निम्मा भाग वजा करावा. अंतर १२९ मिलिमीटर आणि एकूण रुंदी १७८ मिलिमीटर असेल, तर १२९ वजा ८९ म्हणजे ४० हा ऑफसेट होय. ६ इंची रिमची कडांसह एकूण रुंदी ७ इंचांच्या आसपास भरते, हे ध्यानात ठेवले म्हणजे हिशेबात घोटाळा होत नाही. बोल्टांची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास आणि मधल्या भोकाचे माप हीदेखील मूळ रिमशी तंतोतंत जुळली पाहिजेत. ठोकून बसविलेली रिम ही बसलेली रिम नव्हे.

हौद्यात भाताची पोती असताना मागच्या आखावर दोन टन भार आला, तर प्रत्येक टायरवर एक टन येतो. टायरवरील भारांक १०८ असेल तर तो टायर १,००० किलोग्रॅम पेलतो. १०४ असेल तर फक्त ९००. मोटारीसाठी बनविलेले, नक्षीने आकर्षक पण भारांकात कमी असलेले टायर पिकअपला घालणे धोक्याचे आहे. मिश्रधातूच्या रिमचा मोहही आवरावा. लोखंडी रिम वाकली तर गावचा मिस्त्री ती पुष्कळदा सरळ करू शकतो, मिश्रधातूची रिम तडकते.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरबदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ कडकपणेच लावला. अपघातानंतर विमा कंपनीचा तपासनीस चाके पाहतो, हे विसरू नये. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी खोल राहिल्यास ते टायर नियमाने बाद होतात. चिखलात तर त्याच्या पुष्कळ आधीच ते निकामी झालेले असतात.

या सर्व गोष्टींचा विचार करता, भिवंडी परिसरातील बहुतेक शेतकऱ्यांनी मूळ मापाची लोखंडी रिम व मूळ ऑफसेट कायम ठेवून, त्याच मापाचा परंतु खोल व मोकळ्या नक्षीचा, रस्ता व शेतवाट या दोहोंस चालणारा टायर घ्यावा. खर्च कमी, फायदा अधिक. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी असेल तर चारही टायर, आणि जादा चाकही, एकाच व्यासाचे असावेत.

तरीही कोणास थोडा मोठा टायर घालावयाचाच असेल, तर नुसत्या रिकाम्या गाडीवर पाहणी करून भागणार नाही. हौदा भरून, स्टेअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून टायर कोठे घासतो काय, ब्रेकची नळी सुटी राहते काय हे पाहावे. चिखल चढल्यावर मोकळी जागा भरून जाते, म्हणून किमान दोन बोटांचे अंतर शिल्लक असावे. गाडी रुतल्यास रिकाम्या गाडीच्या टायरमधील हवा पावपट कमी करून सावकाश बाहेर काढता येते. परंतु पंप जवळ नसेल तर हा उपाय करू नये, कारण कमी हवेवर भरलेली गाडी डांबरी रस्त्यावर चालविल्यास टायर तापून फुटतो, आणि ट्यूब असलेला टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह तुटतो. नवी चाके बसविल्यानंतर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत सर्व नट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळून घ्यावेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम पेंढ्याची वाहतूक सुरू होण्यापूर्वी, म्हणजे भातकापणीच्या आधीच, गावातील गाडीमालकांना एकत्र बसवून एका रिमवर पट्टी ठेवून प्रत्यक्ष करून दाखवावे.