विश्लेषण : हिटलरची भूमीची भूक पालघरपर्यंत कशी पोहोचली?

14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. त्यांत सातपाटी, मुरबे, नांदगाव या किनाऱ्यावरच्या गावांतले तरुण होते. ‘चले जाव’ची हाक सहाच दिवसांपूर्वी मुंबईत दिली गेली होती. पण ती नेमकी 1942 मध्येच का? त्यासाठी बर्लिनपासून सुरुवात करावी लागते.

हिटलरला कोणी अडवले का नाही?

व्हर्सायच्या तहाने ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य ठेवायला जर्मनीला मनाई होती. मार्च 1936 मध्ये हिटलरने ते घुसवले. ब्रिटन-फ्रान्सने निषेध केला, बस्स. मार्च 1938 मध्ये त्याने ऑस्ट्रिया गिळला. त्याच सप्टेंबरमध्ये म्युनिक करारात चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश त्याला देऊन टाकण्यात आला, तोही चेक प्रतिनिधींना चर्चेला न बसवता! चेकांची सीमेवरची भक्कम तटबंदी याच पट्ट्यात होती. ती आयतीच गेली. 15 मार्च 1939 रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि स्कोडाचे शस्त्रकारखानेही हाती आले. म्हणजे शांततेसाठी दिलेल्या प्रत्येक सवलतीने हुकूमशहाचे बळच वाढवले.

‘जर्मन भाषकांना एकत्र आणतो आहे’ ही सबब प्रागमध्ये संपली. ब्रिटनने मग पोलंडला संरक्षणाची हमी दिली. पण हिटलरने ऑगस्टमध्ये स्टालिनशी अनाक्रमण करार केला आणि 1 सप्टेंबरला पोलंडवर हल्ला चढवला. 3 सप्टेंबरला ब्रिटन युद्धात उतरले.

मग भारत कसा ओढला गेला?

त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचे जाहीर केले. भारतीय नेत्यांना विचारलेसुद्धा नाही. निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यात मुंबई प्रांताचे बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळही होते. पालघर तेव्हा याच प्रांतातल्या ठाणे जिल्ह्यात होते.

1942 मध्ये काय बदलले?

आशियात जपानची लष्करी राजवटही अशीच सरकत होती : 1931 मध्ये मांचुरिया, 1937 पासून चीन. युरोपीय सत्ता युद्धात अडकल्यावर तिला मोकळे रान मिळाले. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. युद्ध भारताच्या दारात आले. त्याच महिन्यात आलेल्या क्रिप्स यांनी स्वातंत्र्याऐवजी युद्धानंतरचे आश्वासन दिले. बोलणी फिसकटली आणि 8 ऑगस्टला ठराव झाला.

ब्रह्मदेश गेल्याने तिथला तांदूळही बंद झाला. मुंबईत 1943 मध्ये रेशनिंग सुरू झाले.